भागोजीने लोण घेतला नाही

मिरजोळ्याच्या कबड्डी संघात नियमाप्रमाणे सात खेळाडू होते, पण गावाला विचाराल तर एकच होता, रघू. उरलेले सहा जण मैदान रिकामं दिसू नये म्हणून उभे असत. शाळेच्या मागच्या भिंतीवर कोणी तरी कोळशाने मोठ्या अक्षरांत 'रघू' असं लिहिलं होतं आणि खाली दुसऱ्या एका शहाण्याने बारीक अक्षरांत 'आणि मंडळी' अशी भर घातली होती. त्या मंडळींपैकी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा तो भागोजी.

भागोजी तेहेतीस वर्षांचा, चिरेखाणीवर कामाला. दिवसभर जांभा तासून त्याची मनगटं अशी झाली होती की समोरच्याचा घोटा एकदा हातात आला की सुटायची बात नाही. पण संघात त्याचं खरं काम दुसरंच होतं. तो लोण घ्यायचा.

ही लोणाची भानगड आधी सांगून टाकलेली बरी. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो. जो आधी बाद तो रांगेत पुढे, आणि आपल्या संघाला एक गुण मिळाला की रांगेतला पहिला उठून आत येतो. पण सातच्या सात बाद झाले, तर समोरच्यांना दोन गुण फुकटचे जादा मिळतात आणि आपले सातही जण एकदम उठतात. हा लोण. कुठलाही शहाणा संघ लोण टाळतो. मिरजोळ्याचं गणित वेगळं होतं. रघू बाद होऊन बसलेला असला आणि मैदानात एखादाच उरलेला असला, तर त्या एकाने झटपट बाद व्हायचं, म्हणजे रघू उठतो. संघाचे मार्गदर्शक रावजीनाना बोटांवर मोजून हिशेब सांगायचे, "दोन गुण गेले तर गेले. रघू उठला की पाच आणतो." आता कोपऱ्यातला गडी बहुतेक वेळा शेवटपर्यंत टिकतो. त्यामुळे उरायचा तो भागोजी. मग तो मान खाली घालून जायचा आणि समोरच्यांच्या हातात स्वतःला देऊन परत यायचा. आठ वर्षं हे चाललं होतं. यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. भागोजीलाही नाही. निदान तो तसं म्हणत नव्हता.

रघू त्याच्या धाकट्या बहिणीचा, गोदाचा नवरा. मुंबईच्या एका कंपनीने त्याला खेळावरच नोकरी दिली होती. शिमग्याला रजा काढून तो गावी यायचा आणि गावासाठी खेळायचा. सत्याऐंशी सालच्या शिमग्यानंतर मिरजोळे आणि नाटे यांच्यात चषकासाठी तीन सामने ठरले. नाट्याच्या संघात मुद्दाम बघायला जावं असा एकही गडी नव्हता. सगळे मासेमारी करणारे, सगळे सारख्याच उंचीचे, आणि जाळं ओढावं तसे सातही जण एका दमात हलायचे. त्यांचा कप्तान हरिश्चंद्र तर इतका साधा दिसायचा की चहावाला त्याला ओलांडून मागच्याला चहा द्यायचा.

पहिला सामना मिरजोळ्यात झाला. रघूने एकट्याने चौदा गुण घेतले आणि मिरजोळे जिंकलं. दुसरा नाट्याला झाला. रघूने अकरा घेतले, तरी मिरजोळे हरलं. रघूच्या उजव्या गुडघ्याला तपकिरी पट्टी बांधलेली असायची. ती मुंबईची फॅशन समजून गावातल्या दहा-बारा जणांनी धडधाकट गुडघ्यांना तशाच पट्ट्या बांधल्या. एकाने तर दोन्ही गुडघ्यांना बांधली आणि त्याला उकिडवं बसता येईना.

तिसरा सामना रविवारी रत्नागिरीत होता. शुक्रवारी संध्याकाळी भागोजी विहिरीवर अंगावरची तांबडी धूळ धूत होता, तेव्हा गोदा आली. हातात कळशी होती, पण ती तिने भरली नाही.

"दादा, तुला एक सांगायचां हाय. आईला कळता नये."

"काय झालां गो?"

"ह्यांचा गुडघा गेलाय." तिने इकडे तिकडे बघितलं. "महिना झाला. मुंबईत सराव करताना मुरगळला. डॉक्टर बोलला, आतली शीर अर्धी तुटली हाय. चार महिने खेळायचां नाय. परत पिरगळला तर पुरी तुटेल, मग जन्मभर पाय ओढत चालायचां."

भागोजीने तांब्या खाली ठेवला. "आनि ह्या पायावर तो दोन सामने खेळला?"

"नाट्याहून आल्यापासून जिना चढताना मांडीला हात लावून चढतात. मी बघितलां म्हनून कळलां. माझ्याकडून शपथ घेतली, कोनाला सांगायचां नाय."

"मग तो नाय का म्हनत नाय? तोंड नाय त्याला?"

"कोनाला नाय म्हनणार? गाव सकाळ-संध्याकाळ दारात येऊन उभा राहतो. आनि कंपनीत कळलां तर? दुखणां लपवून बाहेर खेळला म्हनून घरी बसवतील. इथे नानांच्या कानात एक शब्द गेला की सोमवारी मुंबईच्या सगळ्या खोल्यांत तोच विषय. आपला अर्धा गाव तिथे हाय."

"बघतो मी," भागोजी म्हणाला.

"तू काय बघणार दादा? तू लोण घेणार, आनि हे उठणार."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. आज बाजारात बांगडा आलाय असं सांगावं, इतक्या साध्या आवाजात म्हटलं, आणि म्हणूनच ते भागोजीला फार लागलं.

शनिवारी सरावाच्या वेळी त्याने रावजीनानांना गाठलं. खरं तर सांगता येत नव्हतं, म्हणून त्याने आडून सुरुवात केली. "नाना, उद्या रघूला पहिल्या अर्ध्यात राखीव ठेवला तर? दमतो तो."

नानांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू भागोजीने ग्रामदेवतेच्या पालखीतून देवच बाजूला काढायला सांगितलं होतं. "येडा झालास काय? रघू बाहेर बसला तर लोक काय बघायला येतील? तुला?" आणि ते हसले. शेजारी उभा असलेला केरू हसला, तो तर खुद्द उजव्या मध्यावर खेळणारा, म्हणजे मंडळींपैकीच. भागोजीही हसला. करतो काय!

रविवारी चार वाजता मैदान भरलं. बाया एका बाजूच्या बुटक्या दगडी गडग्यावर ओळीने बसल्या होत्या. गोदा अगदी टोकाला बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. भागोजीने एकदाच तिकडे बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

पहिल्या अर्ध्यात रघूने नऊ गुण घेतले. लोक नाचत होते, पण भागोजीचं लक्ष त्याच्या पायांवर होतं. रघू डावीकडून वळत होता, उजवीकडून वळतच नव्हता. परत येताना मध्यरेषा ओलांडली की तो पाणी मागायच्या निमित्ताने थांबायचा. मध्यंतराला तो घामाने निथळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. भागोजी शेजारी बसून हळूच म्हणाला, "रघू, मला ठाऊक हाय."

रघूने मान वर केली नाही. "गोदाने सांगितलां?"

"बस ना बाहेर. सांग काय तरी. पोटात दुखतां म्हन."

"दादा, एवढे लोक आलेत," रघू म्हणाला, आणि उठून उभा राहिला. ज्या माणसाला गेली दहा वर्षं लोकांनी खाली बसू दिलेलं नाही, त्याला बसायचं कसं हे कुठून ठाऊक असणार.

दुसऱ्या अर्ध्यात हरिश्चंद्रने रघूचं मर्म ओळखलं. साधा दिसणारा माणूस, पण नजर घारीची. त्याने काही आरडाओरडा केला नाही, फक्त आपली माणसं दोन पावलं सरकवली, म्हणजे रघूला उजवीकडूनच वळावं लागेल. रघूचे गुण आटले. नाट्याचे गडी एकेक करून मिरजोळ्याची माणसं टिपू लागले. आधी केरू गेला, मग रामा, मग आणखी तिघे. मैदानात रघू आणि भागोजी एवढेच उरले. रघू चढाईला गेला, आणि हरिश्चंद्रने त्याला कमरेत धरून अलगद खाली बसवला. पंचांची शिट्टी वाजली. रघू बाद.

नाटे सत्तावीस, मिरजोळे सव्वीस. चार मिनिटं उरल्याचं पंचांनी सांगितलं. मैदानात एकटा भागोजी.

मग तेच सुरू झालं, जे आठ वर्षं व्हायचं. "लोण घे! भाग्या, लोण घे! रघूला उठव!" रावजीनाना रेषेवर येऊन हातवारे करत होते. "वेळ घालवू नको मेल्या! चार मिनिटं हायत, रघूला पुष्कळ झाली!" रांगेत बसलेले पाचही जण ओरडत होते, आणि त्यांच्या टोकाला बसलेला रघूही ओरडत होता, "घे दादा, लोण घे!"

भागोजीने मनात हिशेब केला. चार मिनिटं म्हणजे रघूच्या निदान तीन-चार चढाया, त्याही उजवीकडून वळायच्या. आणि त्याच वेळी रांगेकडे बघता बघता त्याला एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं त्याने कधी बघितलीच नव्हती, कारण बघायची गरजच पडली नव्हती. रघू सगळ्यांत शेवटी बाद झाला होता. म्हणजे रांगेत सगळ्यांत शेवटी होता. लोण घेतला तर सगळे एकदम उठणार, रघूसकट. पण एकेक गुण घेतला तर आधी केरू उठेल, मग रामा, मग ते तिघे. रघूचा नंबर सहावा. चार मिनिटांत सहा गुण एकट्या भागोजीच्या बापाच्यानेही होणार नव्हते. म्हणजे भागोजी बाद झाला नाही, तर रघूला उठावंच लागणार नव्हतं.

आता नाट्याची चढाई होती. त्यांचा एक उंच गडी आला, तो हात सैल सोडून, फेरफटका मारायला निघाल्यासारखा. मिरजोळ्याची रीत पंचक्रोशीला ठाऊक होती. हा गडी आता पुढे येऊन स्वतःच हात लावून घेईल, आपण फक्त जायचं, अशा थाटात तो सरळ आत आला. भागोजी मान खाली घालून दोन पावलं पुढे गेला, नेहमीसारखा. उंच गड्याने हात पुढे केला. भागोजी बसला, हात डोक्यावरून निघून गेला, आणि पुढच्या क्षणी त्या गड्याचा घोटा भागोजीच्या दोन्ही हातांत होता.

चिरेखाणीतली मनगटं ती. गड्याने धडपड केली, फरफटत मध्यरेषेकडे जायला बघितलं, दम संपला आणि तो तोंडावर पडला. सत्तावीस-सत्तावीस.

मैदान गप्प झालं. काय झालं ते लोकांना कळलं होतं, पण मिरजोळ्याच्या बाजूने ते कोणी केलं हे पटत नव्हतं. रावजीनानांचे हात हवेत तसेच राहिले होते. केरू उठून आत आला आणि कुजबुजला, "भाग्या, लोण घ्यायचा व्हता ना?"

"नाय घ्यायचा. आज मी सांगतो तसां कर. चढाईला जा, गुण आनू नको. त्यांच्या अंगणातली निदानरेषा तेवढी ओलांड, नाय तर बाद ठरशील, आनि दम असेपर्यंत घुमव. वेळ काढ."

केरूने खूप वेळ काढला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता. मग नाट्याचा दुसरा गडी आला, तो आता सावध होता. केरूने आणि भागोजीने एकमेकांचे हात घट्ट धरले. गडी केरूच्या बाजूला झुकला, तेवढ्यात साखळी त्याच्याभोवती बंद झाली. अठ्ठावीस-सत्तावीस. रामा उठला. आता लोकांना कंठ फुटला, आणि गंमत म्हणजे रघूचं नाव घ्यायचं सगळे विसरले होते. कोणी केरू ओरडत होतं, कोणी भागोजी. ज्यांना नावं ठाऊक नव्हती ते नुसतेच ओरडत होते.

रामाची चढाई कोरडी गेली. मग खुद्द हरिश्चंद्र आला, दोन पावलांत रामाच्या खांद्याला हात लावून गेला. पुन्हा बरोबरी, अठ्ठावीस-अठ्ठावीस. एक मिनिट उरलं होतं. केरूचा दम अजून परत आला नव्हता, तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. चढाईला भागोजीलाच जावं लागणार होतं. आठ वर्षांत तो चढाईला गेला होता तो फक्त मरायला.

तो गेला. 'कबड्डी कबड्डी' म्हणताना स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. चढाईतलं त्याला काही येत नव्हतं, ना झुकांडी, ना लाथ. पण कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, ते त्याच्याइतकं कोणाला कळणार? तो सरळ हरिश्चंद्रच्या कोपऱ्याकडे गेला आणि पाय मुद्दाम थोडा जास्त पुढे टाकला. कोपऱ्यातला गडी झडप घालायच्या आधी डावा खांदा किंचित खाली सोडतो. भागोजी स्वतः तसाच सोडायचा. हरिश्चंद्रचा खांदा खाली गेला. भागोजीने पाय उचलला, वाकलेल्या पाठीवर थाप मारली आणि अंगातला सगळा जीव काढून मागे पळाला. कोणी तरी त्याची चड्डी धरली, ती फाटली, पण त्याचा हात मध्यरेषेपलीकडे पडला होता.

एकोणतीस-अठ्ठावीस. नाट्याची शेवटची चढाई आली. रांगेतला आणखी एक जण उठला होता, तिघे मिळून मागच्या रेषेला पाल चिकटावी तसे चिकटून उभे राहिले. नाट्याचा गडी फिरला, झुकला, हात फेकला, आणि मोकळाच परत गेला. लांब शिट्टी वाजली. रघूच्या पुढे अजून दोघे रांगेत होते.

भागोजीचा जीव भांड्यात पडला. जिंकल्याचं त्याच्या ध्यानात नंतर आलं.

लोक मैदानात धावले आणि सवयीने थेट रघूकडे गेले. त्याला खांद्यावर घ्यायला चार-पाच हात पुढे झाले. "हात लावू नका त्याला!" भागोजी असा ओरडला की हात लावणारे जागच्या जागी थबकले. तो गर्दीतून वाट काढत गेला, रघूच्या काखेत हात घालून त्याला हळूहळू मैदानाच्या कडेला घेऊन आला, आणि दोघे गडग्याला टेकून बसले. फाटक्या चड्डीवर भागोजीने टॉवेल गुंडाळला.

रघू हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. "दादा, तुझ्याकडे बघत मी मनात म्हनत व्हतो, घेऊ नको, देवा, ह्याला घेऊ देऊ नको. आनि तोंडाने मात्र घे घे ओरडत व्हतो. सगळे ओरडत व्हते ना. तू लोण घेतला असतास तर मी उठलो असतो रे. मला नाय म्हनता येत नाय."

"म्हाईत हाय मला," भागोजी म्हणाला. त्याने रघूच्या गुडघ्याची पट्टी सोडायला घेतली.

तेवढ्यात रावजीनाना आले, हातात चषक, ओरडून घसा बसलेला. पट्टी सुटली आणि त्यांनी गुडघा बघितला. शहाळ्यासारखा सुजला होता. चषक त्यांनी खाली मातीत ठेवला.

"कधीपासून?"

"महिना झाला नाना."

"मग मला सांगायचां नाय? मी काय वैरी होतो तुझा?"

भागोजी म्हणाला, "नाना, सांगितलां असतां तर काय केलां असतांत?"

रावजीनाना म्हणजे गर्वाचा माणूस, पण खोटं बोलणारा नव्हता. त्यांनी चषकाकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं. "पट्टी घट्ट बांध, असां म्हटलां असतां," ते हळू आवाजात म्हणाले, आणि रघूच्या पायाशी मटकन बसले.

रघूला त्याचा राग आला नाही. उलट त्याचा चेहरा सैलावला. त्याने सांगून टाकलं, उद्याच्या गाडीने मुंबईला जाणार, साहेबांना खरं काय ते सांगणार, चार महिने बसायला लागलं तर बसणार. कंपनीने काढलं तर काढलं, पाय शाबूत राहिला तर कुठेही काम मिळेल. आज शेवटची चार मिनिटं तो बसून राहिला होता आणि काही बिघडलं नव्हतं. हे त्याने दोनदा म्हटलं, जणू स्वतःलाच ऐकवत होता. नानांनी माश्या वारल्यासारखा हात हलवला. मग आपणच पंचाकडून बर्फ मागून आणायला उठले.

बाया गडग्यावरून उतरून घरी निघाल्या होत्या. गोदा मात्र तिथेच उभी होती. ती जवळ आली, आधी तिने नवऱ्याच्या गुडघ्याला हात लावून बघितलं, बोटांनी चाचपून, सगळं जागच्या जागी आहे याची खात्री करून घेतली. मग ती भागोजीसमोर येऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "आता मी रडू?"

"रड गो बाय," भागोजी म्हणाला.

आणि ती रडली. इतके दिवस सासूसमोर, आईसमोर, पाणवठ्यावर, कोणी कारण विचारेल म्हणून जे आत कोंडून ठेवलं होतं ते सगळं, मैदानाच्या कडेला उभी राहून, मोठ्याने. जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांना वाटलं, चषक मिळाल्याचा आनंद झालाय बाईला. भागोजीने त्यांना तसंच वाटू दिलं.